निंबाखालचा कोरस

माझा आवाज मोठा हाय. हे मी फुशारकीनं सांगत न्हाई आन् गाऱ्हाणं म्हणून बी सांगत न्हाई. हाय ते हाय. खुटबावच्या शिवारात खुरपायला बसले आन् भागुबाईला हाक मारली, तर तिसऱ्या रानातला बैल मान वर करून बघतो. आमचं मालक म्हणत्यात, "ताईबाई, जरा हळू बोल, मी शेजारीच बसलोय."

मालक म्हंजी साहेबराव. रेल्वेत गँगमन. केडगाव ते दौंड रूळ सांभाळायचं काम आन् सुट्टीच्या दिवशी गायन पार्टी. त्यांचा आवाज माझ्या उलटा. मऊ, सावकाश, शेजारी बसून समजूत काढावी तसा. पेटी तेच वाजवायचे, म्होरं तेच गायचे. ढोलकीवर खंडू, आमच्याच वस्तीतला. मागं झील धरायला, म्हंजी धुरपद उचलायला, मी आन् माझी शेजारीण भागुबाई. भागुबाईचा आवाज चिमणीचा, पण सुरात पक्की. बास, चौघांची पार्टी. जयंती आली की आम्हाला उसंत नसायची.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं तिसरं साल असंल. दौंडात जयंतीचा कार्यक्रम झाला, तिथं मुंबईच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीतला एक माणूस आलता. कार्यक्रम संपल्यावर त्यानं मालकांच्या हातात पत्ता ठेवला. म्हणला, "ते शाळेच्या घंटेचं गाणं टेपवर भरून पाठवा. आमच्या सायबांना आवडलं तर बोलावू, तबकडी काढू. म्हैन्याभरात पाठवा. आन् गाणं तीन मिन्टाच्या आत बसवा, तबकडीवर त्याहून जास्ती मावत न्हाई."

आता खरं सांगते. तबकडी म्हणल्यावर मालकांना वाटलं नाव व्हईल. खंडूला वाटलं लग्न जमंल. मला येगळंच वाटलं. माझी आई कवठे येमाईची, लई गायची. ती गेली तवा मी धा वर्साची आन् माझा भाऊ चांगदेव दोन वर्साचा. तिची गाणी मला समदी पाठ हायेत. पण तिचा आवाज कसा व्हता, ते आता आठवत न्हाई. डोळं मिटून किती बी बसा, गाणं येतं आन् आवाज माझाच येतो. त्याचं मला लई वाईट वाटतं. म्हणून तबकडीवर माझा आवाज पायजे व्हता. मी गेल्यावर माझ्या सरूनं सुई ठेवावी आन् म्हणावं, ही बघा माझी आई. येवढंच. दुसरं काय बी नको व्हतं मला.

टेपचं यंत्र कुणाकडं? तर माझ्या भावाकडंच. चांगदेवचं शिरूरला लाउडस्पीकरचं दुकान. लग्न असू द्या, जयंती असू द्या, इलेक्शन असू द्या, शिरूर तालुक्यात झाडावर भोंगा दिसला की खाली आमचा चांग्या बसलेला असणारच. त्या साली त्यानं कुणाचा तरी जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर घेतला व्हता. मालकांनी चिठ्ठी धाडली तसा तो यंत्र, माईक, भोंगा, वायरींचं भेंडोळं, समदं घेऊन न्हावऱ्यावरनं एस्टीनं चौफुल्याला उतरला. भोंगा टपावर टाकण्यावरनं कंडक्टरशी भांडण झालंच असणार. यंत्र त्यानं मांडीवर घेऊन आणलं व्हतं.

आमच्या विहाराची एकच खोली, वर पत्रा, म्होरं ओटा, अंगणात निंब. वीज तिथंच व्हती म्हणून तिथं मांडलं. दोन चाकं, मधनं तपकिरी फीत, खाली तळहाताएवढा स्पीकर आन् काचेमागं एक काटा. मोठ्यानं बोललं की काटा लाल घरात उडी मारायचा. खंडू तासभर नुसता त्या काट्यावर खोकत व्हता.

पहिलं भांडण तीन मिन्टावरनं झालं. गाण्याला कडवी नऊ. एका पोरीची गोष्ट. धुरपद असं, "चल गं सये, उचल पाटी, घंटा झाली गं, घंटा झाली." आम्ही कार्यक्रमात ते पाऊण तास ताणायचो. चांगदेव म्हणला, "दाजी, तीन कडवी ठेवा." मालकांचं तोंड येवढंसं झालं. बाजारात कुठली शेळी न्यायची ते ठरवल्यावानी एकेक कडवं हातात घ्यायचे आन् परत ठेवायचे.

शेवटी मीच म्हणलं, "तिला पहिल्यांदा घंटा ऐकू येती ते ठेवा. ती घरात पाटी शोधती ते ठेवा. आन् ती वर्गात जाऊन बसती ते ठेवा. बाकीचं समदं तुमचं भाषण हाय."

"भाषण?"

"व्हय. चांगलं हाय, पण भाषण हाय."

मालक अर्धा दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. मग त्यांनी तीच तीन कडवी ठेवली.

पहिल्या दिवशी आम्ही नेहमीसारखंच उभं ऱ्हायलो. मालक मधी, माईकपाशी पेटी, उजवीकडं खंडू, डावीकडं त्यांच्या खांद्याला लागून मी आन् माझ्या आड भागुबाई. गाणं भरलं. चांगदेवनं भोंगा निंबावर चढवला, वायर जोडली आन् टेप लावली. अठरा वर्साचा व्हता तवापास्नं त्यानं आवाज पारखला तो असाच, झाडाखाली उभं ऱ्हाऊन, वर भोंग्याकडं बघत.

आन् काय वाजलं म्हणता! समदी वस्ती अंगणात जमली. मारुतरावांच्या गुऱ्हाळावरची माणसं उकळती काहील सोडून बांधावर आली. मालकांना मिठ्या काय, खंडूला खांद्यावर घेणं काय. मी तर हवेतच. माझा शब्द न् शब्द शिवारभर ऐकू गेला व्हता. भागुबाईनं भजी तळली आन् चांगदेव म्हणला, "आक्का, एका फटक्यात झालं बघ."

सकाळी मी चहा घेऊन गेले तर हा गडी विहारात यंत्राम्होरं गालाला हात लावून बसलेला. भोंग्याची वायर काढलेली.

"काय रं, कोण गेलं?"

"बस आक्का. आता खोलीत बसून ऐक."

त्यानं यंत्राच्या त्या तळहाताएवढ्या स्पीकरवर गाणं लावलं. मालक कुठंतरी लांब, पोत्यात तोंड घालून गायल्यासारखे. ढोलकीची नुसती टकटक. आन् मग मी! "घंटा झाली गं!" तो बिचारा स्पीकर थरथरला. मालक न्हाईत, पेटी न्हाई, भागुबाई तर जन्मालाच आली नव्हती. नुसती मी, आन् ती बी गाणारी न्हाई, भांडणारी. तवर मालक बी येऊन उभे ऱ्हायले व्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काल तर चांगलं वाजलं," मी म्हणलं.

"काल भोंग्यावर ऐकलं," चांगदेव म्हणला. "भोंग्याला पोट नसतं, आक्का. ढोलकीचा धुम्म त्यातनं येत न्हाई, दाजींचा मऊपणा येत न्हाई. टोकदार तेवढं तो लांब फेकतो. उघड्या रानात ते गोड लागतं. पण कंपनीचा सायब हापिसात निंब लावून त्यावर भोंगा टांगणार हाय व्हय? तो खुर्चीत बसणार, असल्याच बारक्या स्पीकरवर ऐकणार. मी कालचं गाणं लग्नाचं समजून ऐकलं. चुकलं माझं."

"पण आम्ही रोज असंच गातो की. तवा कुणी म्हणलं न्हाई, ताईबाई मालकांना खाती म्हणून."

"कारण तवा माणसं बघत असत्यात. दाजी गायला लागले की डोळं दाजींकडं जात्यात आन् डोळ्यामागं कान जातो. माणसाचा कान पायजे ते उचलून घेतो. माईकला कुठलं डोळं? जे जवळ आन् मोठं, तेवढंच त्याला खरं."

"मग ते बटन फिरव आन् मला कमी कर."

"बटन एकच हाय. तू कमी झालीस की दाजी बी कमी. माईक एक, बटन एक. कुणी किती ऐकू यायचं ते कुणी किती लांब उभं ऱ्हायचं ह्याच्यावरच." येवढं बोलून तो डोकं खाजवत म्हणला, "तर आक्का, तू जरा तीन पावलं मागं सरक."

सरकले. काटा लाल घरात. भिंतीला टेकले. काटा लाल घरात. मग म्हणला, हळू गा. हळू गायले तर तापात बडबडल्यासारखं व्हाया लागलं. त्याचं त्यालाच पटलं न्हाई. "नको, तुझा आवाज सोडूनच गा, पण दारात जा." दारात गेले. "ओट्यावर." ओट्यावर गेले. मधी भागुबाई आत ऐटीत माईकपाशी उभी, मालक पेटीवर, खंडू ढोलकीवर, आन् मी बाहेर, भिक्षा मागायला आल्यावानी. चांगदेवनं कानावरचं ते हेडफोन जरा उचललं आन् म्हणला, "आक्का, एक पायरी उतरतीस का?"

माझं डोस्कंच फिरलं.

"पायरीच कशाला? शिरूरलाच जाते की! तुझ्या दुकानात उभी ऱ्हाते आन् तिथनं गाते! मुडद्या, तुला कडंवर घेऊन वाढवला ती मी, तुला बोलायला शिकवलं ती मी, आन् मलाच घराबाहेर काढतोस? भरा तुमचं गाणं! मी पाण्याला चालले."

घागर उचलली आन् तरातरा विहिरीवर गेले. घागर भरली बी न्हाई, काठावर बसले आन् रडले. रडले त्यात काय लपवायचं? सगळ्या जन्मात एकदा माझा आवाज कुठंतरी ऱ्हाणार व्हता आन् माझाच भाऊ मला पायरी-पायरीनं त्यातनं बाहेर ढकलत व्हता.

घटकाभरानं भागुबाई आली. शेजारी बसली. म्हणली, "तुझ्याबिगर भरलं आम्ही."

"मग झालं की. लाडू वाटा."

"कुठलं झालं? समदं नीट ऐकू येतंय. तुझ्या मालकांचा शब्द न् शब्द येतोय. पण चांगदेव म्हणतोय, गाणं हाय आन् गावात कोण न्हाई. तिनदा भरलं. मालकांनी पेटीचा भाता बांधून ठेवलाय."

"माझ्या मागं लागू नको, भागे."

"मी कुठं मागं लागले? मी माझ्यापुरतं सांगते. मला एकटीला तिथं लई उघडं वाटलं."

गेले परत. ऐकलं. भागुबाईनं खोटं सांगितलं नव्हतं. मालक सुरेख गायले व्हते. पण "घंटा झाली" आलं की वाटायचं, पोरगी पुस्तकातला धडा वाचती हाय. घंटा झाली तर झाली, कुणाला काय त्याचं! कुणी उठणार न्हाई, कुणी पाटी उचलणार न्हाई.

टेप थांबली. मालक खाली बघत म्हणले, "ताईबाई, मी म्होरं गातो हे खरं. पण मी टेकून तुझ्यावर असतो. तू मागं न्हाईस तर मला पुढचा सूर धरवत न्हाई."

चौदा वर्सांत हा माणूस असं कधी बोलला नव्हता, आन् बोलला तो खंडूच्या म्होरं, भागुबाईच्या म्होरं. लई बरं वाटलं. पण ते दाखवलं तर ताईबाई कसली? मी म्हणलं, "मी उभी ऱ्हाईन. पण कुठं उभं ऱ्हायचं ते मी ठरवणार. आण ते कानाला लावायचं इकडं."

चांगदेवनं मालकांकडं बघितलं. मालक पेटीचा भाता सोडत म्हणले, "दे की. माझी सहा कडवी कापली ती हिनंच."

हेडफोन कानाला लावलं आन्... आगं बया! मालक नुसते बसले व्हते तरी त्यांचा श्वास माझ्या कानात. पेटीचा भाता उसासे टाकतोय. खंडूच्या बोटातली अंगठी ढोलकीच्या लाकडावर टिकटिक करती. वर पत्र्यावर चिमणी चालती, ती बी ऐकू येती. माईकला खरंच डोळं नव्हतं, नुसता एक मोठा कान व्हता आन् त्याला कशाचीच लाज नव्हती.

"खंड्या, अंगठी काढ."

"सासऱ्यानं दिलेली हाय."

"अजून कुठलाय सासरा? काढ ती. आन् ढोलकीखाली गोधडी घे. अवो, तुम्ही पेटी जरा तिकडं वळवा, तिचा भाता माईकच्या नाकात चाललाय. भागे, तू हितंच ऱ्हा."

मी म्हणलं, "आता खंड्या, तू 'घंटा झाली' ओरडत ओरडत बाहेर जा. माझ्या हातावर ध्यान ठेव."

खंडूचा आवाज बी कमी न्हाई. माईकपाशी तो ओरडला तवा नुसता खंडू, तंबाखूसकट. दारात गेला तरी खंडू. ओट्यावर बी खंडूच, जरा लांबचा. मग तो पायऱ्या उतरून अंगणातनं निंबाखाली गेला आन् ओरडला, आन् मी चांगदेवचा हातच धरला. खंडू तिथं नव्हताच. त्याच्या आवाजात अंगण मिसळलं व्हतं, समोरच्या घरांच्या भिंती, विहाराचा पत्रा, समदं मिसळलं व्हतं. तो एक माणूस ऱ्हायलाच न्हाई. कोण बी असता, धा जण असते.

"ऐकलंस?" मी चांगदेवच्या एका कानाला ते लावलं. त्यानं ऐकलं आन् माझ्याकडं बघत ऱ्हायला. म्हणला, "मी नुसता काट्याकडं बघून तुला मागं ढकलत व्हतो गं. हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

आन् तिथंच मला दुसरं बी कळलं. ओट्यावर उभी ऱ्हायले तर मी ताईबाई म्हणून ऐकू येणार व्हते, फक्त मालकांचा अर्धा शब्द खाऊन. निंबाखालनं गायले तर गाणं उभं ऱ्हाणार व्हतं, पण त्यात मी कोण बी व्हणार व्हते. खंडूचं झालं तसं माझं बी व्हणार. माझ्या सरूला तबकडीवर आई सापडणार न्हाई. दोन्ही एकदम मिळणार नव्हतं. पण गाणं व्हतं त्या पोरीचं. तिला घंटा ऐकू येती ती घरात बसून, शाळा लांब हाय, आन् समदी वस्ती तिला म्हणती हाय, ऊठ. कानाशी येऊन एक बाई ओरडली तर पोरगी घाबरंल, शाळेत कशाला जाईल?

"निंबाखाली," मी म्हणलं. "आन् आता कुणी मला काय इचारू नका."

तरी बी एका झटक्यात कुठलं व्हतंय! निंबाखालनं पहिल्यांदा गायले तर झील मागं पडली. दुसऱ्यांदा बी मागं. पेटी माझ्यापर्यंत उशिरा पोचायची, माझा आवाज माईकपर्यंत उशिरा जायचा, आन् दोन उशीर मिळून घंटा व्हायची ती वर्ग भरल्यावर. चांगदेवला उपाय सुचंना. उपाय काढला मालकांनी.

ते ओट्यावर आले आन् म्हणले, "रुळावर लांबचा गडी घण मारतो तवा घण आधी दिसतो, आवाज मागनं येतो. आवाजाची वाट बघशील तर चुकशील. मी दारासमोर बसतो. माझ्या हातावर जा. हात पडला की तू उचल, पेटी ऐकूच नको."

ऐकूच नको म्हणं! गाणाऱ्या बाईला सांगतोय, ऐकूच नको. पण तसंच केलं. नजर दारातनं मालकांच्या हातावर ठेवली, कान बंद केले आन् पदर खोचून, छाती भरून, जरा बी हात न राखता गायले. खुरपताना गाते तसं. मला हळू गा म्हणणारं तिथं कोण नव्हतं. पाचव्या वेळेला चांगदेव खोलीतनं उड्या मारतच बाहेर आला. शेवटाला एक शेळी ओरडली व्हती, ती तशीच ऱ्हायली.

खोलीत बसून, बारक्या स्पीकरवर ऐकलं. मालक अगदी शेजारी बसून सांगत व्हते. खंडूची ढोलकी गोधडीवर बसून शानी झाली व्हती. भागुबाई जवळ, गोड. आन् धुरपद आलं की तिच्या मागनं काहीतरी मोठं उठायचं, जसं काय समदं गाव दारात येऊन उभं ऱ्हायलंय. मालकांनी डोळं पुसलं. चांगदेव म्हणला, "आक्का, तू शिरूरला चल. दुकान तू चालव, मी खुरपायला जातो."

मी हसले. पण मी मला शोधत व्हते. सरू मांडीला टेकून बसली व्हती. तिला हळूच इचारलं, "ह्यात तुझी आई कुठली?"

तिनं नीट ऐकलं आन् म्हणली, "कुठली गं?"

"बरोबर," मी म्हणलं आन् चुलीकडं गेले. दुखलं. पण परत इचारलं असतं कुणी, तर मी परत निंबाखालीच गेले असते. दुसऱ्या दिवशी मालक ड्यूटीवर जाताना टेप घेऊन गेले आन् दौंडात टपालात टाकून आले.

दीड म्हैन्यानं पत्र आलं. मालकांनी ओट्यावर उभं ऱ्हाऊन वाचलं. गाणं पसंत हाय, अमुक तारखेला मुंबईला या. समदे नाचायला लागले. तवर मालक खालची ओळ वाचायला लागले आन् थांबले. परत पहिल्यापास्नं वाचली.

"आपल्या कोरसमधल्या पंधरा-वीस महिलांचा आवाज फार प्रभावी आहे. परंतु आमची जागा लहान असल्यामुळे कृपया निवडक आठच महिलांना घेऊन यावे."

भागुबाई माझ्याकडं बघाया लागली, मी तिच्याकडं. खंडू म्हणला, "आता सहा बाया कुठनं आणायच्या?" आन् मग आम्ही जे हसलो, जे हसलो! चांगदेवला शिरूरला कळलं तवा तो म्हणं दुकानात हसून हसून खुर्चीवरनं खाली बसला.

सहा बाया नेल्या न्हाईत. आम्ही चौघं आन् चांगदेव. सायबाचं हापिस दुसऱ्या मजल्यावर, गाण्याच्या खोलीला भिंतीभर गाद्या लावलेल्या. हाक मारली तर हाक तिथल्या तिथं मरायची. सायब चष्म्याचा, बारीक, तोंडावर जरा बी हसू न्हाई. आम्हाला मोजलं त्यानं.

"बाकीच्या बायका कुठायत?"

मालक म्हणले, "बाया ह्याच दोन, साहेब."

"मला चाळीस वर्षं झाली ह्या धंद्यात. टेपवर निदान पंधरा बायका आहेत. आणल्या नसतील तर तसं सांगा. खोटं बोलू नका."

मालकांची मान खाली गेली. मी म्होरं झाले. म्हणलं, "साहेब, ह्या गाद्यांत माझा आवाज गुदमरतोय. दार उघडं ठेवा. माईक भागुबाईपाशी ऱ्हाऊ द्या, आन् आमच्या मालकांना दारासमोर बसवा."

त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं दार उघडायला लावलं. मी व्हरांड्यातनं चालत पार जिन्यापाशी गेले. चांगला लांबलचक व्हरांडा, फरशीचा, दोन्हीकडं भिंती. लांब दारातनं मालकांचा हात येवढासा दिसत व्हता. पदर खोचला. हात पडला. मी आवाज सोडला.

पहिलं धुरपद झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला मालकांच्या आडनं तो सायब बाहेर आला, कानावरचं यंत्र गळ्यात तसंच. व्हरांड्यात इकडं बघितलं, तिकडं बघितलं. झपाझपा चालत माझ्यापाशी आला, मला वलांडून गेला आन् जिन्यात वाकून खालपर्यंत बघितलं, वरपर्यंत बघितलं. मी माझं गातच व्हते. मालकांचा हात थांबला न्हाई तर मी कशाला थांबू?

गाणं संपलं. जिन्यात कोण नव्हतं. व्हरांड्यात कोण नव्हतं. तो परत आला, माझ्याम्होरं उभा ऱ्हायला, खिशातनं पेन काढलं आन् म्हणला, "तबकडीवर छापायला लागेल. बाई, तुमचं नाव काय?"